भीती अबाधित राखण्याबाबत

बदलापूरच्या एका नर्सिंग कॉलेजात संशोधन सुरू झालं. विषय गंभीर होता: एक्झिमावरच्या स्टेरॉइड क्रीमबद्दल विद्यार्थिनींचा दृष्टिकोन. आधी एक प्रश्नावली, मग सरस्वती मॅडमचं व्याख्यान, मग पुन्हा तीच प्रश्नावली. मुलींनी व्याख्यानाआधी क्रीमला घाबरायचं आणि नंतर घाबरायचं नाही, एवढंच काम.

तिथेच माशी शिंकली. बुवापाड्याच्या शलाकाच्या बोटांना दिवसभर हात धुऊन धुऊन एक्झिमा झाला होता. त्वचेच्या डॉक्टरांनी तिला क्रीम दिलं होतं. दहा दिवस, पातळ थर. तिने पहिल्याच प्रश्नावलीत खरं ते लिहून टाकलं: 'डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरल्यास भीती नाही.'

मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"तू आधीच शहाणी निघालीस, तर माझ्या व्याख्यानाने सुधारणार कोण?"

"पण मॅडम, मला खरंच भीती नाही वाटत."

"वाटेल. व्याख्यान वीस तारखेला आहे. तोवर क्रीम बंद ठेव आणि घाबर."

"बावीसला प्रॅक्टिकल आहे, मॅडम! असे फुटलेले हात बघितले तर एक्झामिनर पेशंटला शिवू देणार नाहीत. माझं अख्खं वर्ष वाया जाईल हो!"

"म्हणूनच सांगते, सहकार्य कर."

शलाकाची ट्यूब पाकिटात घालून, लाखेचं सील ठोकून मॅडमच्या कपाटात जमा झाली. पोचपावतीवर कारण लिहिलं: 'भीती अबाधित राखण्यासाठी.' शलाका वॉर्डात हात धूत राहिली, बोटं उलत राहिली. तिची मैत्रीण वैष्णवी म्हणाली, "यार, दुसरी घे ना, चोरून लाव!" पण शलाका पडली सरळमार्गी. अशांचं या जगात काय होतं, ते सांगायला नकोच.

वीसला व्याख्यान दणक्यात झालं. सत्तावन्न मुलींनी 'भीती नाही'वर टिक केली. शलाकाला पेनच धरवेना. तिचा कोरा कागद 'नकारात्मक दृष्टिकोन' म्हणून मोजला गेला, आणि नकारात्मक विद्यार्थिनीला ट्यूब परत देणं नियमात बसत नव्हतं. बावीसला एक्झामिनरनी तिचे हात पाहिले.

"नर्सिंग शिकतेस आणि साधं क्रीम लावता येत नाही?" म्हणाले, आणि तिला नापास केलं.

शलाका रडत रडत केबिनमध्ये गेली. मॅडम आरशासमोर आपल्या लालेलाल गालांना गोरं करणारं क्रीम चोळत होत्या. टेबलावरच्या ट्यूबची बारीक अक्षरं शलाकाने वाचली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. औषध तेच, जोर मात्र कितीतरी जास्त.

"मॅडम, हे स्टेरॉइड आहे!"

"काहीतरीच! हे कुठलं औषध? चार वर्षं लावतेय मी. डॉक्टरची चिठ्ठीसुद्धा लागत नाही. कॅम्प चारच्या बाजारात एका दुकानात मिळतं."

दाराला कान लावून उभा असलेला सगळा वर्ग धाडकन आत घुसला, वैष्णवी सगळ्यांत पुढे.

"मॅडम, कुठलं दुकान?"

दुकानाचं नाव इथे मुद्दामच दिलेलं नाही. तुम्हीही विचारणार, याची खात्री होती.