हैबती गाढवाची रिकामी पाठ

गोष्ट सांगा म्हणे. वाचनालयाच्या टिळेकरबाई तीन वेळा घरी येऊन गेल्या. "आजोबा, तुम्ही एकटे जग फिरून आलात. मुलांच्या अंकासाठी लिहा ना." म्हटलं, बाई, मी चौथीत दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा तसाच उठलो. माझ्याच्यानं काय लिहून होणार? तर म्हणाल्या, "जनावरांची गोष्ट करा. आणि कुणाचं नाव घेऊ नका." बरं. नाही घेत. पोरांनो, मांडी घालून बसा. मध्ये प्रश्न विचारायचे नाहीत.

एका जंगलात एक गाढव होतं. कोणतं जंगल ते विचारू नका. झाडं होती, एवढं पुरे.

गाढवाचं नाव हैबती. उभं राहता यायला लागल्यापासून त्याच्या पाठीवर काही ना काही असायचंच. सकाळी राजाच्या गुहेचे दगड, दुपारी पाणी, संध्याकाळी हत्तीचा ऊस. पाठीला वारा कसा लागतो, ते त्याला माहीत नव्हतं.

त्या जंगलात सिंहानं एक कायदा केला होता. प्रत्येक जनावराला जन्मात एकदाच सुट्टी. या पुनवेला निघायचं, पुढच्या पुनवेला हजर. उशीर झाला तर जंगल बंद, कायमचं.

हैबतीची पाळी आली. सिंहानं विचारलं, "कुठं जाणार?"

"समुद्र बघायला."

"कुणाबरोबर?"

"एकटा. आणि रिकाम्या पाठीनं."

सगळा दरबार हसला. मेंढ्या तर लोळल्या. एक म्हणाली, "एकटं जाऊन करणार काय? आम्ही चाळीसजणी गेलो होतो. पुढं झेंडा घेऊन बोकड. काय बघायचं ते तोच सांगायचा. आम्हाला वर मान करावी लागली नाही."

"मग दिसलं काय?" हैबतीनं विचारलं.

"पुढच्या मेंढीची शेपटी. पण काय सोय होती हो जेवणाची!"

हैबतीनं ठरवलं ते ठरवलं. आयुष्यात एकदा समुद्राकाठी जायचं आणि रिकामी पाठ घेऊन उभं राहायचं. बास. त्यापेक्षा जास्त त्यानं मागितलं नव्हतं, हे ध्यानात ठेवा.

निघायच्या सकाळी दाराशी अस्वलदादा उभे.

"काय हैबती, निघालास? छान, छान. जातोच आहेस तर हे एवढं मधाचं पोळं आमच्या साडूला दे. वाटेतच आहे."

"दादा, मी रिकाम्या पाठीनं..."

"अरे, काय वजन आहे त्याचं! पिसासारखं आहे."

मागं ससा. त्याची लेक पलीकडच्या रानात दिली होती. तिच्यासाठी डिंकाचे लाडू. "बाळंतीण आहे रे. आता तू नाही म्हणणार का?"

मग माकडाच्या आत्याला कुळीथ. मोराच्या चुलत्याला घोंगडं. कासवाच्या व्याह्यांना पाटा. पोरांनो, पाटा! दगडाचा! कासव म्हणालं, "मी स्वतःच नेला असता, पण तू लवकर पोचशील."

शेवटी आली साळूमावशी. म्हणजे साळिंदर. तिनं फडक्यात गच्च बांधलेलं गाठोडं आणलं होतं.

"मावशी, यात काय आहे?"

"मुरंबा रे. दुसरं काय असणार? हद्दीपलीकडं भाचा असतो ना, त्याला आवडतो. सोडून बघू नकोस हं, सांडेल."

हैबती निघाला. कामाच्या दिवशी नसायचं एवढं ओझं त्या दिवशी पाठीवर होतं. आणि सगळे टाळ्या वाजवत होते. आता तुम्ही म्हणाल, त्यानं नाही का म्हटलं नाही? तुम्हाला प्रश्न विचारायचे नाहीत म्हणून सांगितलंय. त्याला यायचंच नाही, "नाही" म्हणायला. कुणी शिकवलंच नव्हतं.

पहिल्या रानात अस्वलाचे साडू भेटले. पोळं घेतलं. हैबतीला वाटलं, चला, एक ओझं उतरलं.

"असे कसे जाता?" साडू म्हणाले. "जेवून जा."

जेवला. मग साडूंनी गुडघ्याचं दुखणं सांगितलं. उजव्या गुडघ्याला एक दिवस गेला, डाव्याला दोन. चौथ्या दिवशी हैबती उठला, तर साडूंच्या बायकोनं पाठीवर भोपळा ठेवला.

"हे काय, वहिनी?"

"अहो, रिकामं कसं पाठवायचं? बरं दिसतं का ते? परत जाताना भाऊजींना द्या."

सशाच्या लेकीनं लाडवांच्या डब्यात पोहे भरून दिले. माकडाच्या आत्यानं कुळीथ ठेवून घेतले आणि तांदूळ दिले. मोराच्या चुलत्यानं घोंगडं घेतलं आणि गादी दिली. कासवाचे व्याही म्हणाले, "पाटा छान आहे. आता आमचा जुना घेऊन जा, त्यांना उपयोगी पडेल."

महिन्यातले तेरा दिवस गेले. समुद्र अजून लांब होता. पाठ पहिल्यापेक्षा जड होती.

पुढं परक्या मुलखाची हद्द लागली. तिथं चौकीवर एक बगळा बसायचा. पांढराशुभ्र. एका पायावर उभा राहून कागद तपासायचा, दुसरा पाय शिक्का मारायला.

"येण्याचं कारण?"

"बघायला आलो, साहेब."

"काय बघायला?"

"समुद्र."

"बरोबर कोण आहे?"

"कुणी नाही."

बगळ्यानं मान लांब केली. "एकटा? गाढव? समुद्र बघायला?" त्याला ते पटेना. मेंढ्यांना त्यानं चाळीसच्या चाळीस न मोजता सोडलं होतं.

"सामान स्वतः बांधलंय का?"

आता इथं दुसरा कुणी असता तर हो म्हणाला असता. हैबती खरं बोलला. "नाही, साहेब. सगळ्यांनी बांधून दिलंय."

"या गाठोड्यात काय आहे?"

"मुरंबा. साळूमावशीनं सांगितलंय."

बगळ्यानं चोचीनं गाठ सोडली. वर मुरंब्याची बरणी होती. खाली, केळीच्या पानात गुंडाळून, अठरा काटे. वीत वीत लांब. टोकं घासून अशी लख्ख केलेली की बगळ्याला त्यात स्वतःचं तोंड दिसलं.

"हा मुरंबा?" बगळा म्हणाला.

"साहेब, मला खरंच माहीत नव्हतं हो!"

"सगळे हेच म्हणतात," बगळा म्हणाला, आणि शिक्का मारला. कागदावर नाही. हैबतीच्या कपाळावर.

तुरुंगात टाकण्याआधी सगळं सामान काढून घेतलं. भोपळा, पोहे, तांदूळ, गादी, पाटा. एका खेकड्यानं यादी केली आणि सगळं सरकारजमा केलं. मग हैबतीला कोठडीत ढकललं आणि दार लावलं.

हैबती खूप रडला. सुट्टी चालली होती. समुद्र राहिला, जंगलही जाणार. रडून रडून थकला आणि उभा राहिला.

तेव्हा खिडकीतून वारा आला आणि पाठीवरून गेला.

हैबती चमकला. मागं वळून पाहिलं. पाठीवर काही नव्हतं.

नऊ दिवसांनी बगळ्यानं त्याला बोलावलं. काटे कुणाला टोचल्याची तक्रार आलेली नव्हती. "जा," तो म्हणाला. "सामान मात्र मिळणार नाही. अर्ज करायचा असेल तर करता येईल. तीन वर्षं लागतात."

"नको, नको!" हैबती म्हणाला. "अर्ज नको!" आणि असा पळत सुटला की बगळ्याला पुन्हा संशय आला.

पुनवेला आठ दिवस होते. सरळ गेलं तर घर सात दिवसांवर. समुद्र अर्ध्या दिवसावर.

तो समुद्रावर गेला.

कसा होता समुद्र, ते मी सांगणार नाही. तो त्याचा आहे. एवढंच सांगतो की हैबती वाळूत चारी पाय वर करून लोळला आणि इतक्या मोठ्यानं ओरडला की सगळे खेकडे बिळात गेले. मग नुसता उभा राहिला. रिकाम्या पाठीनं. ऊन कलेपर्यंत.

निघायला वळला, तोच एक म्हातारी पाणकोंबडी आली.

"अगंबाई, तुम्ही आमच्या माहेरच्या जंगलातले! बोलण्यावरून ओळखलं. परत जाताय ना? जाताच आहात तर..."

"नाही," हैबती म्हणाला.

"अहो, ऐकून तर घ्या. एवढीशी सुकी मासळी..."

"नाही."

पहिलं नाही जरा अडखळत आलं. दुसरं आपोआप आलं. तिसऱ्याला तो थांबलाच नाही.

पुनवेच्या सकाळी हैबती जंगलाच्या दाराशी हजर. सगळे वाट बघत होते. त्यानं तोंड उघडलं, म्हटलं, आता समुद्राचं सांगू.

"भोपळा कुठाय?" अस्वल म्हणालं. साडूंनी आधीच निरोप धाडला होता.

"पोहे?" ससा म्हणाला.

"गादी?"

"पाटा?"

हैबतीनं कोठडीचं सांगितलं. कपाळावरचा शिक्का दाखवला. कुणी बघितला नाही. अस्वल म्हणालं, "जग फिरलं आणि नाती विसरलं." मेंढ्या म्हणाल्या, "म्हणून एकटं जाऊ नये." सिंहानं त्याच संध्याकाळी झेंडेवाल्या बोकडाला शाल देऊन धाडसी प्रवासी म्हणून सत्कार केला. खुर्च्या वाहून आणल्या हैबतीनं.

साळूमावशी तेवढी मागं राहिली. हैबतीला वाटलं, आता ही दोन शब्द बोलेल.

"माझे काटे गेले ना?" ती म्हणाली. "चांगले होते रे."

"मावशी, त्या काट्यांमुळं मी नऊ दिवस आत होतो. तू सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू नेले असतेस का?" साळूमावशी म्हणाली, आणि तुरुतुरु निघून गेली.

समुद्र कसा होता, ते आजपर्यंत त्याला कुणी विचारलेलं नाही.

तात्पर्य : परमुलखात तुरुंग लागला तर घाबरू नये. प्रवाशाच्या पाठीवरचं सामान उतरवून घेऊन वर काही न देणारी तेवढी एकच जागा आहे.

टिळेकरबाई म्हणाल्या होत्या, इथं थांबा. थांबतो. पण पापडाच्या डब्यात तळाशी अडकित्ता ठेवून "पापडच आहेत हो, काय वजन आहे त्यांचं" म्हणून कुणीतरी तो डबा माझ्या हातात दिला होता. त्या अडकित्त्यापायी परक्या देशाच्या विमानतळावर सहा तास मला बाकावर बसवलं, माझं पुढचं विमान गेलं, आणि घरी आल्यावर पहिलं वाक्य ऐकलं, "अडकित्ता पितळी होता." चार वर्षं झाली. गल्ली तीच, समोरासमोर दारं. अजून माफी आलेली नाही. नाव घेऊ नका म्हणाल्या बाई. घेतो. वत्सला हिंगमिरे.