जितका खड्डा, तितका हिस्सा

काल्हेरच्या केसरीनाथ पाटलांचं गोदाम डेन्मार्कची एक कंपनी विकत घेणार, हे कळलं तेव्हा सगळ्यांत जास्त हरखली ती त्यांची सून. करिष्मा बी.कॉम. होती, पण हरखण्याचं कारण वाणिज्य नव्हतं. कंपनी शंभर टक्के मालकी घेऊन गोदामापुढचा रस्ता सिमेंटचा करणार होती. ट्रक गेला की त्या रस्त्याची धूळ थेट पाळण्यात उतरे आणि तान्ही मृणाली खोकून खोकून निळी पडे.

कंपनीचे सल्लागार मुंबईहून पाहणीला आले. त्यांची गाडी फाटकातच खड्ड्यात बसली. चिखल पुसत ते गंभीरपणे म्हणाले, "जिथे स्थानिक अडचणी जास्त, तिथे कंपनी धोका वाटून घेते. आम्ही चौऱ्याहत्तर टक्के घेऊ. बाकी हिस्सा आणि नफा तुमचा."

करिष्माचा नवरा हितेश हळूच म्हणाला, "बाबा, एका खड्ड्याला सव्वीस टक्के?"

"मंग बुजवाचा कनाला?" केसरीनाथ म्हणाले.

पुढच्या बैठकीत वीज गेली. जनरेटर होता, तो कुणी लावला नाही. कंपनी साठावर आली. मग फाटकात सत्यनारायणाचा मंडप उभा राहिला आणि कंपनी पन्नासावर आली. ग्रामपंचायतीने मुरूम पाठवला, तर केसरीनाथांनी ट्रक परत धाडला. "आमच्या टक्क्यांवर मुरूम टाकताव?"

"बाबा, मुलीचा खोकला," करिष्मा म्हणाली.

"तिच्यासाठीच चाललंय ना, सूनबाय. अजून एक टक्का आला की कारभार आपला. तो टक्का मृणालीच्या नावावर."

शेवटच्या दिवशी सल्लागार घरात चहाला बसले. पाळण्यातून खोकला ऐकू आला.

"धुळीचा आहे का हो?" त्यांनी विचारलं. "तसं असेल तर कंपनी रस्ता आधी करेल. की हे गावभर आहे? मग मात्र धोका मोठा."

करिष्माने बाळाला उचललं. धूळ लागू नये म्हणून बाळाचं तोंड पदराने झाकायची तिला सवय होती, तो पदर तिने बाजूला केला.

"गावभर आहे," ती म्हणाली. "घरोघरी."

कंपनी एकोणपन्नासावर आली. रस्ता आता बहुमताच्या मालकाने करावा, असं कंपनीनेच कळवलं. बहुमताचा मालक म्हणाला, "आपलाच रस्ता हाय, करू सावकाश."

ही हकीकत ज्यांनी ज्यांनी ऐकली, ते सगळे बाळासाठी हळहळले. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, त्याच रस्त्यावर अजून एखादं गोदाम मिळेल का.