संपाच्या सिनेमाला टॉवेल

आमचे बसण्णा सिनेमाला जाताना खांद्यावर टॉवेल टाकून जात. बघणाऱ्याला वाटावं, गडी आंघोळीला निघालाय. विचारलं की म्हणत, “परेमाच्या पिच्चरला रुमाल पुरतोय. संपाच्या पिच्चरला टावेलच लागतोय की!”

भवानी पेठेत आमची घरं शेजारी. मी शाळेत मास्तर, ते गिरणीत मागावर, युनियनचे जुने कार्यकर्ते. एकोणीसशे सत्तरनंतरच्या त्या वर्षांत पडद्यावर सारखे संप व्हायचे आणि बसण्णांनी त्यातला एकही चुकवला नाही. मालक क्रूर हवा, भाषण दणदणीत हवं, पण खरी कसोटी एकच, “त्यात आई हाय का? आई काय बोलती?” आई बोलली की टॉवेल भिजला आणि सिनेमा पास झाला. मागण्या मान्य झाल्या की नाही, हे पुष्कळदा त्यांना सांगताही येत नसे.

एकदा युनियननं सात रस्त्याजवळच्या हॉलमध्ये नव्या वळणाचा संपाचा सिनेमा आणला. गाणी नाहीत, भाषणं नाहीत. मी बसण्णांना मोठ्या हौसेनं घेऊन गेलो. पोलीस मुलाला धरून नेतात, आई उंबऱ्यावर उभी. नुसती उभी. बसण्णांची चुळबुळ सुरू झाली. “यव्वा, बोल की,” ते पडद्यावरच्या आईला पुटपुटले. आई ढिम्म. शेवटी हे उठले आणि त्या आईच्या वतीनं गरजले, “जा लेकरा! घरची काळजी करू नगंस! पर मान खाली घालून परत येऊ नगंस!”

आधी “खाली बसा!” झालं, मग टाळ्या. मागच्या बायका तर हुंदके द्यायला लागल्या. युनियनचे सेक्रेटरी मात्र माझ्याकडे असे बघत होते, जणू मीच मालकाचा माणूस.

परतताना मी चिडलोच. “अहो बसण्णा, हा खरं दाखवणारा सिनेमा होता. खरी आई असे डायलॉग मारत नाही.”

“ठावं हाय की,” ते म्हणाले. “माझी बी न्हाय बोलली. संपात मला पोलिसांनी दारातनंच न्हेलं. अशीच उंबऱ्यावर हुबी हुती. सुटून आलो, तवर तिची माती झालती.” थोडं चालून म्हणाले, “काय बोलणार हुती, कुणास ठावं. तेच हुडकत फिरतोय, मास्तर. दर पिच्चरमधली आई येगळंच सांगती.”

माझा राग कुठल्या कुठे गेला.

“आज मी बोललो, तसं बोलली असती का वो?”

“व्हय, बसण्णा,” मी म्हणालो. “अगदी तसंच.”

त्यांचा टॉवेल त्या दिवशी कोरडाच होता. तो मी मागून घेतला.