काटकोनाची गिटार

"चाळीस वर्षं दारं-खिडक्या केल्या! गिटार म्हणजे काय, एक धड आणि त्याला एक मान! आठ दिवसांत करून दाखवतो!"

मिस्त्रीने ही गर्जना केली तेव्हा त्याच्या कारखान्यातल्या दोघा कारागिरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि निमूटपणे रंधे हातात घेतले. मिस्त्रीला सगळे पाठीमागे 'काटकोन' म्हणत. कारण लोकांच्या खिशात पेन असतं तसा याच्या खिशात काटकोन तपासायचा गुण्या असे! कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी आधी त्यांच्या दाराची चौकट काटकोनात आहे का ते बघणार, मगच चहाला हात लावणार. वाकडं दिसलं की सरळ करायचं आणि सरळ होत नसेल तर जळणात टाकायचं, हा त्याचा खाक्या.

स्वतःची मुलगीसुद्धा यातून सुटली नव्हती. लहानपणी ती डाव्या हाताने लिहायची. मिस्त्रीने तिला अभ्यासाचं टेबल करून दिलं, खण सगळे उजवीकडे, आणि डाव्या बाजूला उभी फळी ठोकली, म्हणजे डावा कोपर पसरायलाच नको! दोन वर्षांत पोरगी उजव्या हाताने लिहायला लागली. "हातसुद्धा मीच सरळ केला तिचा," हे त्याने निदान शंभर जणांना ऐकवलं असेल.

पुढे त्याच पोरीने गिटार वाजवायचं डोक्यात घेतलं. "वाजवून पोट भरत नाही, निघ!" असं मिस्त्री बोलून गेला आणि ती खरंच निघाली. त्याला सहा वर्षं झाली. आईशी ती फोनवर बोलायची, बापाशी नाही. आणि आता पुढच्या महिन्यातल्या एका रविवारी ती चार तासांसाठी घरी येणार होती.

'चुकलं माझं' एवढे दोन शब्द म्हटले असते तर काम भागलं असतं. पण ते मिस्त्रीच्या तोंडाच्या मापाचे नव्हते. म्हणून ही गिटार!

नमुन्यासाठी त्याने बायकोच्या मोबाइलमधला मुलीचा फोटो घेतला. मुलगी मंचावर उभी, गळ्यात विजेवरची गिटार. मिस्त्रीने चष्मा पुसला. गिटारीची मान भलत्याच बाजूला! वाद्यांच्या दुकानाच्या पाटीवर एक वाजवणारा रंगवला होता, त्याच्या गिटारीची मान बरोबर दुसरीकडे होती.

"फोटो उलटा आलाय."

"अहो, पण ती..." बायको म्हणाली.

"मध्ये बोलू नकोस! या मोबाइलात उलटेच येतात फोटो. मागे तू आपल्या दोघांचा सेल्फी काढलास तेव्हा माझ्या शर्टाचा खिसा उजवीकडे गेला होता की नाही?"

"गेला होता. पण ती..."

"मग झालं तर!"

त्याने फोटोवरून कागदावर आकार काढला, कागद उजेडाला धरून उलटा केला आणि चूक सुधारली. सागवानाचं धड कापलं. उजव्या हाताला आराम मिळावा म्हणून वरच्या कडेला कोपरापुरता उतार तासला. तो उतार इतका गुळगुळीत की माशी बसली असती तर घसरून पडली असती!

मग मानेवर पितळेच्या पट्ट्या ठोकल्या आणि तारा चढवून रेडिओ दुरुस्तीवाल्या मित्राला बोलावलं. तो तरुणपणी वाद्यवृंदात गिटार वाजवायचा. त्याने दोन सूर छेडले आणि दात दुखल्यासारखं तोंड केलं.

"अरे काटकोन्या, हे काय केलंस?"

"का? सगळ्या पट्ट्या सारख्या अंतरावर आहेत. केसाचा फरक निघाला तर नाव बदलीन!"

"सारख्या आहेत म्हणूनच बोंब! धडाकडे येताना त्या जवळजवळ यायला हव्यात. ही काय शिडी आहे?"

आता दारं-खिडक्यांबरोबर शिड्याही करत आला होता मिस्त्री जन्मभर! शिडीच्या पायऱ्या सारख्या नसतील तर माणूस आपटतो, हे त्याच्या हाडात भिनलेलं. मान गेली जळणात. दुसरी केली, मित्राने आखून दिलेल्या मापाने. प्रत्येक पट्टी आधीच्यापेक्षा जवळ ठोकताना मिस्त्रीचा चेहरा असा, की जणू कुणी त्याच्याकडून खोटी सही करून घेतंय!

तारा चढवल्या तर नवीनच भुणभुण. प्रत्येक तार पट्ट्यांना घासत होती.

"मान फार सरळ आहे," मित्र म्हणाला. "जरासा बाक दे."

"बाक? माझ्या कामाला बाक?"

"कागदाच्या जाडीएवढा. सुराला जागा लागते बाबा, नुसतं ताठ राहून भागत नाही."

मिस्त्रीने दिला. कारागिरांना बाहेर पाठवून, दार लावून दिला.

मग विजेची जोडणी. सुरू केल्याबरोबर गिटारीतून असा घूंऽऽ आवाज निघाला की कारागीर लाकूड कापायचं यंत्र बंद करायला धावले! ते बंदच होतं. मिस्त्रीने तारांना हात लावला की आवाज थांबे, काढला की पुन्हा घूंऽऽ! अर्धा तास तो गिटारीवर हात ठेवून बसला, तापलेल्या पोराजवळ बसावं तसा. शेवटी मित्राने एक सुटलेली वायर शोधून जोडली आणि गिटार शांत झाली.

आठ दिवसांचे तेवीस झाले. पॉलिशचे अकरा हात झाले. दरम्यान बायको दोनदा कारखान्यात आली, गिटारीकडे पाहून "अहो, ऐका तरी, ती..." म्हणाली आणि दोन्ही वेळा "काम चालू असताना नको!" ऐकून परत गेली. तिसऱ्यांदा ती आलीच नाही.

रविवारी दुपारी मुलगी आली. केस कापलेले, चेहरा वाळलेला. मिस्त्रीने रात्रभर पाठ केलेलं सगळं विसरून गिटार पुढे केली.

"घे. तुझ्यासाठी. मीच केली."

मुलीने गिटारीवरून हात फिरवला. उतारावर बोटं थांबली. तिने आईकडे पाहिलं. आईने तोंड उघडलं, तशी मुलीने हळूच 'नको' म्हणून मान हलवली. मग गिटार गळ्यात घालून ती वाजवायला लागली.

अडखळत. बोटं तारा शोधत होती, सूर मध्येच तुटत होता. मिस्त्रीला पोरीची कीव आली. आणि कीव आली की त्याच्या तोंडून काय निघेल याचा नेम नसे.

"सहा वर्षांत एवढंच? सराव करत नाहीस वाटतं!"

ती हसली. "करीन, बाबा. गिटार फार सुंदर झालीय." डोळे पुसून तिने ती अलगद त्याच्या हातात दिली. "बसच्या गर्दीत ओरखडे पडतील. इथेच राहू दे."

ती गेल्यावर मिस्त्री छाती काढून म्हणाला, "पाहिलंस? रडली पोरगी!"

"झालं तुमचं?" बायको म्हणाली. "मग मी आता मध्ये बोलू का?"

"बोल की."

"ती डावखुरी आहे."

"होती! मी तिचा हात सरळ..."

"आहे! तुमच्यासमोर उजव्याने लिहायची. तुमची पाठ वळली की डाव्याने. फोटो उलटा नव्हता. तिची गिटारच तशी आहे."

मिस्त्री उठून आतल्या खोलीत गेला. टेबल तिथेच होतं. उजवीकडचं पॉलिश काल केल्यासारखं. डाव्या फळीवरचं मात्र आतून उडालेलं, बरोबर एका लहान कोपराएवढं. दुसऱ्याच्या चौकटीतला केसाएवढा तिरकेपणा ज्याला दारातून दिसायचा, त्याला हे वीस वर्षं घरात दिसलं नव्हतं.

तो गिटारीकडे आला. तारा उलट्या चढवता येतील? येतील. पण तो उतार? कापलेलं लाकूड पुन्हा वाढत नाही, हे तर तोच कारागिरांना रोज ऐकवायचा!

बायकोने न विचारताच फोन लावून त्याच्या हातात दिला.

"आई?"

"मी आहे," मिस्त्री म्हणाला. "बस मिळाली?"

"मिळाली."

"बसायला जागा?"

"मिळाली, बाबा."

तो घुटमळला. "फोन... कुठल्या हातात धरलायस?"

पलीकडे बसची घरघर आणि वाहकाची 'तिकीट, तिकीट' अशी हाक.

"डाव्या."

"असू दे," मिस्त्री घाईघाईने म्हणाला. "तिथेच असू दे. आणि हे बघ..."

"ठेवते, बाबा. तिकीट काढायचंय."

"...चुकलं माझं," मिस्त्री म्हणाला. दोन्ही शब्द स्पष्ट, एका सुरात, बिनचूक. फोन तेव्हा बंद झालेला होता.