पगारे सर आणि पिवळं फाटक

दुधात पाणी सापडलं की माणूस दूधवाल्यावर ओरडतो. आमच्या शेजारचे पगारे सर मात्र पातेल्यात डोकावून खूश व्हायचे. कुंपणापलीकडून मला हाक मारायचे, "बाई, हे नुसतं पाणी नाही. प्रतीक आहे, प्रतीक! मूल्यं कशी पातळ होत जातात बघा!"

"सर, मूल्यं राहू द्या, आधी दूधवाला बदला," मी म्हणायचे. मी शाळेत गणित शिकवायचे. आमच्यात दोन म्हणजे दोनच असतात.

ही ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. सर नाशकातल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. बी.ए.ला एक जाडजूड अमेरिकन कादंबरी होती आणि ती सरांना लेखकापेक्षा जास्त पाठ होती. तिच्यातल्या म्हाताऱ्याच्या शेताला एक पिवळं फाटक होतं. बस्स, फाटक! पण सर त्याच्यावर तीन आठवडे काढायचे. सोमवारी ते फाटक म्हणजे म्हाताऱ्याचं काळीज, मंगळवारी अख्खी अमेरिका, गुरुवारपर्यंत मृत्यू. एकदा एका मुलीनं विचारलं, "सर, त्याच्याकडे तेवढाच रंग उरला असेल तर?" सरांनी तिला वर्गाबाहेर काढलं, आणि ती बाहेर कशी उभी आहे याचाही अर्थ आतल्यांना सांगितला.

कादंबरीतली महत्त्वाची वाक्यं ते पान क्रमांकासकट फेकायचे. भाजीवालीनं मेथी महाग सांगितली, की एक खणखणीत इंग्रजी वाक्य आणि वर "पान एकशे सात!" ती बिचारी घाबरून जुडीत चार काड्या जास्त घालायची. साहित्याचा उपयोग नसतो असं कोण म्हणतं?

इथवर सगळी गंमत होती. पण सरांची एकुलती एक मुलगी रेखा लग्नाची झाली आणि माझं डोकं फिरायची वेळ आली. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं, म्हणून दर वेळी पोहे करायचे मी, आणि स्थळाची वाट लावायचे सर.

पहिल्या मुलानं पोह्यातले शेंगदाणे बाजूला काढले. "आयुष्यातलं सत्त्व टाळणारा माणूस!" स्थळ गेलं. दुसरा कळवणचा. चांगला ओव्हरसिअर, देखणा. त्यानं बूट काढले ते टोकं रस्त्याकडे करून. "पाय आत, मन बाहेर!" तेही गेलं. तिसऱ्याच्या वडिलांचं नाशकातच, द्वारका चौकात टायरचं दुकान. नकार का, असं त्यांनी विचारलं तर सर म्हणाले, "पान दोनशे तीन वाचा." तो भला माणूस ते कायद्याचं पुस्तक समजून आठवडाभर वकील शोधत होता.

मग एके दिवशी रेखा माझ्या स्वयंपाकघरात येऊन मुसमुसायला लागली. रविवारी लासलगावचा अशोक येणार होता. शाळामास्तर. बी.एड.ला दोघं एकाच वर्गात होती, आणि हे सरांना ठाऊक नव्हतं. "काकू, बाबांनी यालाही नाही म्हटलं, तर मी लग्नच करणार नाही."

मी पदर खोचला. म्हटलं, अर्थ काढायला वावच ठेवायचा नाही. पोह्यात शेंगदाणे नाहीत. भिंतीवरचं मावळत्या सूर्याचं कॅलेंडर उतरवलं. बूट मी स्वतः भिंतीला काटकोनात लावले. अशोकला निरोप होता, "हलू नका." तो शहाणा असा बसला, की त्याच्या नाकावर माशी बसली तरी हात उचलेना. सर त्याच्याकडे डावीकडून बघताहेत, उजवीकडून बघताहेत, काही सापडत नाही! मी मनात म्हटलं, जिंकलो!

तेवढ्यात त्याच्या आईनं बाहेरून एक पोतं ओढत आणलं आणि बैठकीत मधोमध ठेवलं. कांदे! भरलं पोतं! लासलगावची माणसं, दुसरं काय आणणार?

मी कपाळावर हात मारला. सरांचे डोळे लकाकले. "कांदा..." ते उठून उभे राहिले. "पापुद्र्यांवर पापुद्रे... डोळ्यांत पाणी... आणि आत?"

"आत कायबी नसतंय, कांदाच असतोय," अशोकची आई म्हणाली. "रेखाला कांदाभजी लय आवडत्यात, आसं आमचा आशोक कवाचा सांगतोय. म्हनलं घेऊन जावं."

अशोकची मान खाली. रेखा पांढरीफटक. सरांनी पोरीकडे पाहिलं. तिनं हुंदका आवरत एवढंच म्हटलं, "बाबा, मला हेच पाहिजेत."

सर तडक आत गेले. मी रागानं त्यांच्यामागे. आज ऐकवायचंच, असं ठरवून गेले होते. ते ओट्याशी माझ्याकडे पाठ करून उभे होते.

"बाई, ओरडू नका. मला कळतं हो सगळं. शेंगदाण्यात काही नव्हतं आणि बुटांतही नव्हतं. तिघेही चांगले होते. हिची आई गेली तेव्हा ही सहा वर्षांची होती. तेव्हापासून माझी सगळी बडबड ही एकटी ऐकते. 'हो' म्हणायला गेलं, की तोंडच उघडत नाही. ही गेल्यावर संध्याकाळी मी बोलायचं कुणाशी?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि ते प्यायले.

मग चष्मा पुसून ते बाहेर गेले आणि अशोकच्या आईसमोर उभे राहिले, हात जोडून. "ताई, एक विचारू? मी रविवारी रविवारी लासलगावला आलो तर चालेल? मी फार बोलतो. लोक कंटाळतात."

त्या माउलीनं पदरानं वारा घेत म्हटलं, "या की. सुट्टीला र्‍हायलाच या. आमचं हे गेल्यापास्नं घरात समदी मुकी हायेत. कुनीतरी बोलनारं पायजेच व्हतं."

सरांनी रेखाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हो."