चुकीच्या सुरांचा रियाज

माणसं बरोबर सूर लागावा म्हणून रियाज करतात. काशिनाथ म्हात्रे चुकीचा सूर लागावा म्हणून करायचा. तोही रोज संध्याकाळी, आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर, दारातल्या ओट्यावर बसून, निम्म्या अष्टमी गावाला ऐकू जाईल अशा बेतानं. चुकून बरोबर सूर लागलाच तर जीभ चावायचा, मान हलवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा.

मी त्याच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर राहतो. रोह्याच्या पोस्टातून निवृत्त झालो, पण गावात मला मास्तर म्हणून ओळखतात ते पेटीमुळे. भजनाला पेटी धरणारा माणूस हळूहळू कडक होत जातो. गाणारा कणभर घसरला की माझ्या कपाळाला आठी पडते, मग तो गाणारा बुवा असो की माझा सख्खा जावई. अशा माणसाच्या पायाखाली देवानं काशीदादाला आणून बसवलं. देवालाही कधीकधी करमत नसावं.

आता कोणाला वाटेल, म्हात्र्याला वाजवता येत नव्हतं. तसं असतं तर मी इतका चिडलोच नसतो. हा माणूस कंपनीत ऑपरेटर होता आणि कंपनीच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. पुढे हळदीच्या बँडमध्ये गेला. आमच्याकडे लग्नापेक्षा हळदीला माणसं जास्त, आणि माणसांपेक्षा स्पीकर मोठे. त्या गदारोळातसुद्धा काशीदादाची गिटार वेगळी ओळखू यायची. पेणपासून रोह्यापर्यंत कुठल्याही मांडवात त्याला मान होता. स्वच्छ, गोड, जागच्या जागी सूर. मी स्वतः दोनदा त्याची पाठ थोपटली होती, आणि मी सहसा कोणाची पाठ थोपटत नाही.

ब्लूजचा नाद त्याला कंपनीतच लागला. कोणी केरळी इंजिनिअर बदली होऊन जाताना आपल्या कॅसेट त्याला देऊन गेला. ब्लूज म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "रडगाणं हाय मास्तर, पन रडत कोन नाय. ताल चालूच ऱ्हातो." तालाच्या बारा मापांचा एक फेरा असतो, तो संपला की पुन्हा तोच. मला ते भजनाच्या ठेक्यासारखं वाटलं आणि इथवर माझी काहीच तक्रार नव्हती.

तक्रार सुरू झाली ती 'बाहेर जाण्या'पासून. यमुनावहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, लकवा झाला त्याच वर्षी त्यानं हे नवीन खूळ घेतलं. मोबाइलवर कोणी टकला अमेरिकन मास्तर होता. त्याचं इंग्रजी काशीदादाला ओ की ठो कळायचं नाही. "भाषा नाय समजली तरी बोटं समजतात," असं म्हणून तो तेच तेच पुन्हा लावायचा. शिकवणं असं होतं की, गाणं ज्या पट्टीत चाललंय ती पट्टी भर गाण्यात सोडायची, परक्या सुरात शिरायचं आणि समेला परत यायचं.

"हे बघा," गिटारीच्या दांडीवरचे खण बोटानं दाखवत तो मला समजावायचा, "पाचव्या फ्रेटवर माझं घर. आता एक फ्रेट वर सरकलो. बोटं तीच, चाल तीच, पन मी बाहेर. ऐकनाऱ्याच्या पोटात गोळा येतो. तो म्हनतो, गेला हा. आन समेला बघतो तं मी घरात."

"आणि नाही आलास तर?"

"येतो की. घर लांब नाय, मास्तर."

'घर लांब नाय' हे त्याचं पालुपद झालं. नागोठण्याची एसटी समजून अलिबागच्या गाडीत चढला आणि पार भलतीकडे उतरला, तरी फोनवर बायकोला हेच. चहात साखरेऐवजी मीठ पडलं तर त्यावर साखर घालायचा आणि हेच म्हणायचा. मिठागरवाल्याचा मुलगा, धरमतरच्या खाडीकाठी वाढलेला, त्याला खारट चहाचं काही वाटत नसेल. मला मात्र तो चहा प्यावा लागला होता.

खरी गोष्ट अशी की, बाहेर तो झोकात जायचा, परत मात्र येता यायचं नाही. सम एकीकडे, काशीदादा दुसरीकडे. रोह्याहून अष्टमीला यायला पुलावर चढलेला माणूस कुंडलिका नदीत सापडावा, तशी त्याची गत व्हायची. मी वरून खिडकी आपटून लावायचो. तो खालून ओरडायचा, "मास्तर, आता जमतंय बघा," आणि पुन्हा नदीत.

वहिनी शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या असायच्या. डावा हात मांडीवर पडलेला, उजव्या हातानं पदर सावरत. एके काळी याच वहिनींनी त्याला एक सूर इकडचा तिकडे करू दिला नसता. त्या धवलारीण. लग्नातल्या प्रत्येक विधीला धवले, म्हणजे त्या विधीची गाणी, म्हणायचा मान त्यांचा. त्यांनी तोंड उघडल्याशिवाय नवरीच्या अंगाला हळद लागायची नाही. साथीला ना पेटी ना टाळ, नुसता गळा. पण ज्या पट्टीत सुरू करतील त्याच पट्टीत संपवतील. मी एकदा घरी येऊन पेटीवर ताडून पाहिलं होतं. लकव्यानंतर बोलणं बऱ्यापैकी परत आलं, गाणंही आलं, सूर तेवढा आला नाही. दोन ओळी नीट जायच्या, तिसरीला पट्टी सुटायची. त्यांना स्वतःला ते कळत नव्हतं. लोकांना कळत होतं. हळूहळू त्यांना कोणी बोलावेनासं झालं, आणि का बोलावत नाहीत हे सांगायला कोणी धजावलं नाही. 'आता सगळ्यांना डीजे लागतो,' अशी त्यांनीच आपली समजूत करून घेतली होती.

काशीदादाचा बँड सुटला तो वाशीनाक्याजवळच्या एका हळदीत. नाच ऐन रंगात आला होता आणि याला बाहेर जायची लहर आली. या वेळी एक फ्रेट खाली घसरला. आमच्या लोकांनी कॅसेटच्या काळात जनरेटर बसला की गाणं कसं रडत घसरतं ते पुष्कळ ऐकलंय. सगळ्यांना वाटलं, जनरेटर चालला. नाचणारे थांबले. नवरीचा मामा डिझेलचा कॅन घेऊन मांडवामागे धावला आणि जनरेटरवाल्याला आईबहिणीवरून बोलू लागला. जनरेटर बिचारा ठणठणीत होता. काशीदादा डोळे मिटून बाहेरच. बँडच्या मालकानं दुसऱ्या दिवशी घरी येऊन, समोर आलेला चहा नाकारून, त्याला यायचं नाही म्हणून सांगितलं.

मी त्याला समजावलं. म्हटलं, बाबा रे, या वयात हे कशाला? लोक म्हणतात, बायकोच्या आजारपणानं म्हात्र्याचं डोकं फिरलं. तो म्हणाला, लोकांचं बरोबर असेल. आणि गिटार मांडीवर घेतली. मी त्या दिवशी त्याच्यापुढे हात टेकले.

पुढे गडब गावी वहिनींच्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं. वहिनींनी जाहीर करून टाकलं की भाचीला हळद लागेल ती त्यांच्याच धवल्यावर. भावानं पोयनाडकडची एक तरुण धवलारीण आधीच सांगून ठेवली होती. बहिणीला नाही म्हणायची त्याची छाती होईना, आणि व्याह्यांसमोर हसू व्हायची भीती जाईना. काशीदादा मला सोबत घेऊन गडबला गेला. हायवेला लागून मेव्हण्याचं दुकान, तिथे बाकावर बसून आमची बोलणी झाली. मेव्हणा माझ्याकडे बघून म्हणाला, तुम्ही पेटीवाले, तुम्हीच सांगा, ती सुरात म्हणते का? मी दुकानातल्या खताच्या गोणी बघत राहिलो.

काशीदादा म्हणाला, "एकच धवला म्हनू दे तिला. मी साथीला बसतो. काय झालं तं माझ्यावर घाल." मेव्हणा कसाबसा तयार झाला. धवल्याला गिटार, हे ऐकून मला घाम फुटला होता. एकाला निम्म्यात सूर सोडायचा आजार, दुसऱ्याला हौस. या जोडीचं काय होणार, याचा अंदाज करायला पेटी लागत नव्हती.

हळदीच्या दिवशी दुपारी आम्ही भाड्याच्या इको गाडीनं गेलो. वहिनींनी हिरवी नऊवारी नेसली होती. काशीदादानं त्यांना उचलूनच पाटाशेजारच्या खुर्चीत बसवलं आणि जुनी, बिनवायरची गिटार घेऊन स्वतः खाली चटईवर बसला. बायका जमल्या. नवरी पाटावर आली. वहिनींनी डोळे मिटून धवला धरला.

पट्टी काळी पाच. अगदी पूर्वीसारखी. दोन ओळी मी श्वास रोखून ऐकल्या. तिसऱ्या ओळीला व्हायचं तेच झालं, अर्धा सूर वर सरकल्या. नवऱ्याकडच्या दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. आणि त्याच क्षणी काशीदादाची बोटं एक फ्रेट वर सरकली.

तो त्यांच्याबरोबर गेला होता. त्यांच्या सुराखाली आपला सूर धरून. बायकांचं हसू थांबलं, कारण आता ती चूक वाटत नव्हती. धवल्याची चालच तशी असावी, असं वाटायला लागलं. मग त्यानं वाजवता वाजवता हलकेच घराकडची वाट दाखवली आणि वहिनी त्या वाटेनं मूळ पट्टीत आल्या. समेवर आल्या. ओट्यावरचा तो सगळा रियाज, ती नदीतली पडझड, कशासाठी चालली होती ते मला तेव्हा, इतक्या उशिरा कळलं. माझी पेटी पट्टी धरून ठेवते. पट्टी सुटलेल्या माणसामागे जायला त्याला दुसरं वाद्य शोधावं लागलं होतं.

इथेच हे संपलं असतं तर मी गावभर पेढे वाटले असते. पण पुढच्या कडव्यात वहिनी पुन्हा सुटल्या, आणि या वेळी फार लांब गेल्या. तो मागे गेला. वाट दाखवली. त्या आल्या नाहीत. तो एकटाच परत आला, मागे वळून बघावं तसा थांबला, पुन्हा गेला. त्या तिथेही नव्हत्या, आणखी पुढे गेल्या होत्या. कपाळाचा घाम त्याच्या डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. आता दोघं दोन ठिकाणी, आणि ऐकणाऱ्याला दोघंही बेसूर. कोणीतरी खुदकन हसलं. मेव्हण्यानं डीजेवाल्याला हातानं खूण केली. स्पीकर सुरू झाला, पोरी नाचायला उठल्या, हळद लागली. वहिनींचे ओठ धवला संपेपर्यंत हलत होते आणि काशीदादा त्या ओठांजवळ कान नेऊन वाजवत होता.

परतताना गाडी नागोठण्याला आली. मग वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मी चांगली म्हनत व्हते. तुज्या गिटारीनं सगला धवला बिघरवला."

मी मागे वळलो. माझ्या तोंडात सगळं आलं होतं, की वहिनी, हा माणूस तुमच्यासाठी काय करतोय तुम्हाला ठाऊक तरी आहे का. काशीदादानं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी पुन्हा पुढे वळलो.

"व्हय गो," तो म्हणाला. "माझंच चुकलं. बोटं नाय चालली."

"आता माज्या गान्यात वाजवू नको."

"नाय वाजवत."

थोड्या वेळानं वहिनींना त्याच्याच खांद्यावर झोप लागली. मी हळूच म्हटलं, अरे, खरं सांगायचं ना तिला. तो म्हणाला, "खरं सांगितलं तं ती गायची बंद होईल, मास्तर. मंग काय ऱ्हातं तिच्याकडं?"

त्यानं शब्द पाळला. गिटार पलंगाखाली गेली. संध्याकाळी वहिनी ओट्यावर बसून धवले म्हणतात, तिसऱ्या ओळीला सुटतात आणि भरकटत जातात. परवा मी पेटी बंद करून खाली उतरलो आणि पायरीवर त्याच्याशेजारी बसलो. वहिनी गात होत्या. काशीदादाचा डावा हात गुडघ्यावर होता, आणि वहिनी सरकल्या की त्या हाताची बोटं सरकत होती, त्यांच्या मागे मागे. वहिनींचं लक्ष जाऊ नये म्हणून त्यानं त्यावर टॉवेल टाकला होता.