दोन ओळींचा मिडास

लोकांना नावं ठेवणारे पैशाला पासरी मिळतात. कथेतल्या पात्रांना नावं ठेवावीत ती मात्र मीच! हे मी माझ्याच तोंडाने सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगेल अशी परिस्थिती सध्या उरलेली नाही.

पंपांच्या कारखान्यात सुट्या भागांचं भांडार मी सांभाळतो. वॉशर, झडपा, बेअरिंगं धरून चार हजार वस्तू आणि प्रत्येक वस्तूचं एक कार्ड. कार्डावर ओळी दोनच. तिसरी ओळ मी आजवर कुणाला लिहू दिलेली नाही. "जिची ओळख दोन ओळींत होत नाही, ती वस्तू घेऊच नये," हे माझं वाक्य भांडारात फार प्रसिद्ध आहे. म्हणजे मी ते फार वेळा म्हणतो.

आमच्या कारखान्याचं एक मासिक निघतं. त्यात मी विज्ञानकथा लिहायला घेतली. दूरच्या एका ग्रहावरचं पाणी आटलंय आणि आमचा पंप घेऊन एक यान तिकडे निघालंय, अशी कल्पना. पहिला भाग छापून आला आणि अख्ख्या कारखान्याला त्या यानात जागा हवी झाली!

"मलाही घ्या की हो यानात," टायपिस्ट बाई म्हणाल्या.

"मी तुमची बायको आहे म्हणून नाही सांगत," बायको म्हणाली, "पण मी नसेन तर स्वयंपाकघर बंद."

आणि एके दिवशी खुद्द मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, "यानाला कुणी प्रमुख वगैरे असेलच ना?"

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमचे भांडारप्रमुख महिनाअखेर निवृत्त होणार होते. त्यांच्या खुर्चीवर कुणी बसायचं हे मोठे साहेब ठरवणार होते. ती खुर्ची मला हवी होती. नुसती हवी नव्हती, बायकोने ती मला मिळाल्याचं तिच्या बहिणीला कळवूनसुद्धा टाकलं होतं!

तेव्हा मी धोरण आखलं. कुणाचं खरं नाव वापरायचं नाही. विज्ञानकथेत नाव कसं, भारदस्त पाहिजे. इतिहासातलं, पुराणातलं, दूरदेशीच्या देवादिकांतलं! मी वाचनालयात गेलो, ग्रीक पुराणकथांचा उशीएवढा जाड कोश काढला आणि भांडारातली कोरी कार्डं घेऊन बसलो. एका नावाला एक कार्ड. ओळी अर्थातच दोन. पुढचा मजकूर वाचण्यात वेळ घालवतो तो भांडार काय सांभाळणार?

मोठ्या साहेबांचं कार्ड असं झालं: 'मिडास. महान राजा. हात लावेल त्याचं सोनं करणारा.'

टायपिस्ट बाईंचं: 'मेडूसा. देवांनाही भुरळ घालणाऱ्या केसांची सुंदरी.'

बायकोचं: 'पँडोरा. सर्व देवांनी जिला एकेक गुण भेट दिला ती.'

आणि यानाचा चालक, म्हणजे अस्मादिक: 'एपिमेथियस. स्वर्गातला अग्नी आणणाऱ्याचा सख्खा भाऊ. पँडोराचा नवरा.' ज्याच्या घरात अग्नी, त्याच्या हाती रॉकेट. याहून चपखल नाव शोधून दाखवा!

दुसरा भाग छापून आला. कुणाला कोणती भूमिका हे मी चहाच्या सुट्टीत ज्याच्या त्याच्या कानात सांगितलं. मोठ्या साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. टायपिस्ट बाईंनी त्या दिवशी वेणी सोडली आणि माझं पत्र सर्वांच्या आधी टाइप केलं. बायकोने तर मासिकाच्या चार प्रती मागवल्या. मी मनातल्या मनात त्या खुर्चीची उशी बदलून घेतली.

पुढच्या आठवड्यात वारं फिरलं. टायपिस्ट बाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. केस घट्ट बांधलेले आणि नजर अशी की मी जागच्या जागी दगड व्हावं.

"काय झालं बाई?"

"साप!" त्या म्हणाल्या आणि तरातरा निघून गेल्या.

साप? मी टेबलाखाली पाहिलं. भांडारात उंदराच्या गोळ्या होत्या, सापाचं काही नव्हतं. मी विषय सोडून दिला. मोठे साहेब जिन्यात भेटले, पण त्यांनी चक्क भिंतीकडे तोंड केलं. कामाचा ताण असेल, म्हटलं.

रविवारी सकाळी मी दाढी करायला गेलो. आमचा सलूनवाला एरवी जगाच्या बातम्या सांगत असतो. त्या दिवशी त्याच्या तोंडाला कुलूप. माझ्या गालांना फेस लागला, वस्तरा गळ्यावर आला आणि तिथेच थांबला.

"कुणी सांगितलं तुम्हाला?" तो हळूच म्हणाला.

गळ्यावर वस्तरा असताना माणूस फार नम्र होतो. "काय, दादा?"

"उगाच वेड पांघरू नका. साहेबांच्या मुलीने मोठा कोश काढून त्यांना मिडासची पूर्ण गोष्ट वाचून दाखवली. देवाने त्याला गाढवाचे कान दिले म्हणे. तो ते टोपीखाली लपवायचा. गुपित ठाऊक कुणाला? एकट्या केस कापणाऱ्याला! आणि ते त्याच्यामुळेच फुटलं! साहेबांनी मला काल घरातून हाकलून दिलं. म्हणाले, तूच फोडलंस."

"अहो, पण फोडलंस म्हणजे काय?"

"टोप!" सलूनवाला कळवळून म्हणाला. "अकरा वर्षं घरी जाऊन त्यांचा तो केसांचा टोप बसवतोय मी. बायकोलासुद्धा सांगितलं नाही कधी!"

मोठ्या साहेबांचे ते दाट, काळेभोर, भांग कधी न विस्कटणारे केस माझ्या डोळ्यांपुढे आले. खरं सांगतो, तोवर मला कधी शंकासुद्धा आली नव्हती. त्या बिचाऱ्याचं इतक्या वर्षांचं घर माझ्यापायी तुटलं होतं. मला फार वाईट वाटलं. "काळजी सोड," मी फेसासकट म्हणालो, "उद्या साहेबांपुढे उभा राहून मी एका वाक्यात सगळं निस्तरतो!"

सोमवारी दहाला मी केबिनमध्ये शिरलो. बाहेर टायपिस्ट बाईंचं यंत्र खडखडत होतं. दार लावून घेण्याची मला गरज वाटली नाही. निर्दोष माणसाने दार कशाला लावायचं?

"साहेब," मी छाती पुढे काढून खणखणीत आवाजात म्हणालो, "शपथेवर सांगतो, तुम्ही टोप घालता हे मला सलूनवाल्याने त्या वेळी सांगितलेलं नव्हतं! ते त्याने काल सांगितलं!"

बाहेरची खडखड थांबली.

साहेबांचा हात आपोआप डोक्याकडे गेला. मी घाईघाईने पुढे म्हणालो, "आणि त्या कानांचं तर मी वाचलंच नाही साहेब! मी फक्त सोन्यापर्यंतच आलो होतो. ओळी संपल्या!"

"कसल्या ओळी?"

मी खिशातून कार्ड काढून दाखवलं. साहेबांनी ते वाचलं, उलटं करून मागची कोरी बाजू पाहिली आणि डोळे मिटून घेतले. बाहेर खुर्ची सरकली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बातमी फाउंड्रीत पोचली होती. त्या जुन्या गोष्टीत म्हणे खड्ड्यात पुटपुटलेलं गुपित बोरूच्या बनाने जगभर केलं. आमच्याकडे बोरू लागले नाहीत.

मंगळवारी मोठे साहेब बोडक्या डोक्याने कामावर आले. सगळ्यांनी माना खाली घातल्या. पण खोटं कशाला बोलू, साहेब छान दिसत होते! दहा वर्षांनी तरुण आणि चांगले मोकळे. सलूनवाल्याला त्यांनी स्वतः फोन करून परत बोलावलं, आता नुसत्या दाढीसाठी. तो मला भेटला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्यामुळे दोन माणसं सुखी झाली, असं मी तरी धरून चाललो आहे.

खुर्ची मात्र माझ्या मदतनिसाला मिळाली. साहेब म्हणाले, "तो मजकूर शेवटपर्यंत वाचतो." आणि मला हुकूम झाला: भांडारातली चार हजार कार्डं नव्याने लिहायची. प्रत्येकावर दहा ओळी.

संध्याकाळी तोंड पाडून घरी आलो, तर बायको तोच उशीएवढा कोश मांडीवर घेऊन बसलेली!

"काय हो," ती म्हणाली, "मेडूसाच्या केसांचे साप झाले, तिच्याकडे पाहील तो दगड. आणि पँडोराने रांजण उघडला आणि जगातली सगळी संकटं बाहेर आली, असं लिहिलंय इथे. माझ्या बहिणीनेही वाचलंय."

"अगं, पहिल्या दोन ओळी बघ ना! देवांनी भेटी दिल्या..."

"पाहिल्या. पँडोराच्याच गोष्टीत पुढे तुम्हीही आहात. एपिमेथियस. त्याच्या भावाने बजावलं होतं, देवांनी दिलेली भेट घेऊ नकोस. याने घेतली, म्हणजे पँडोराच. आता तुमचं स्वतःचं पान वाचते. नावाचा अर्थ..." ती थांबली. मग खुदकन हसली आणि कोश माझ्याकडे वळवून एका ओळीवर बोट ठेवलं.

'नावाचा अर्थ: ज्याला शहाणपण नंतर सुचतं तो.'

"हे नाव मात्र," बायको म्हणाली, "अगदी शोधून ठेवलंत हो!"

ओळ तिसरी होती.